पोटातलं ओठावर

बस थांबली की सगळे आधी उजवीकडे बघतात,
हिरव्या डोंगराकडे. डोळ्यांना सवय असते.
मी त्यांना डावीकडे वळवते.
गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस, कोसभर बोडका,
जूनमध्येही घळीत बर्फाची ठिगळं.

मी थर्झा क्रॉकर. ट्राउट रिव्हर गावची.
सव्वीस वर्षं लोकांना या एकाच वाटेनं नेते,
तरी माझा डावा गुडघा अजून वाट विसरतो.
जपून या. दगड सुटे आहेत.

"वणवा लागला होता का?" कुणीतरी विचारतंच.
नाही. खाणही नव्हती.
तुमच्या बुटांखाली आत्ता जे आहे
ते कित्येक मैल खाली असायला हवं होतं.
आपण राहतो ती नुसती साल.
हा आतला गर.
पृथ्वी सहसा पोटातलं ओठावर आणत नाही.
न्यूफाउंडलंडच्या या कोपऱ्यात तिच्याकडून निघून गेलं.

इथे हातोडी चालवायला बंदी, म्हणून
एक फुटका तुकडा पिशवीतून हिंडवते:
वरून गंज, आतून काळपट हिरवा,
जुन्या औषधाच्या बाटलीसारखा.
घ्या हातात. पेरिडोटाइट.
घेणाऱ्याचा हात दरवेळी बोटभर खाली जातो,
मी तेवढ्यासाठी टपून असते.

मॅग्नेशियम भरमसाट, वर निकेल, चुना नावाला.
झाडांना हे जेवण पचत नाही.
हे जुनिपर माझ्या आजीच्या वयाचं असेल,
उंची तुमच्या घोट्याएवढी.
आणि ओलीत ती घटपर्णी:
मातीनं हात वर केले, तर माश्या खाऊन राहिली.
आमच्या प्रांताचं फूल ते. उगाच नाही निवडलेलं.

मग समुद्राची गोष्ट.
अटलांटिकच्या आधी इथे दुसराच समुद्र होता.
अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तो मिटत आला,
मिटता मिटता त्याच्या तळाखालचा हा थर
खंडाच्या काठावर चढून बसला.

विनिपेगहून आलेला, लाल टोपीतला एक पोरगा म्हणाला,
"समुद्र बंद कसा होतो?"
नखं वाढतात त्या वेगानं, मी म्हणाले.
सगळ्यांनी नखं पाहिली. नेहमीच पाहतात.
इथे मी पुढे चालू लागते.
आज नाही लागले.

एक समुद्र मी स्वतः बंद होताना पाहिलाय, म्हणाले,
संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर.
कॉड संपला, जाळी वर घ्या, पुढली सूचना येईपर्यंत.
बाबानं, एलियाकिम क्रॉकरनं, चहा पूर्ण प्यायला,
कप विसळून पालथा घातला.
पोटातलं त्याच्या ओठावर कधी आलं नाही.

त्याचा नांगर लोखंडाचा नव्हता.
चार काठ्यांच्या पिंजऱ्यात बांधलेला लांबट दगड,
याच डोंगराच्या पायथ्याचा.
"जड आहे, लबाडी करत नाही," एवढंच त्याचं भूशास्त्र.
सेंट जॉन्सला शिकून मी त्याला दगडाचं नाव सांगितलं,
कोटी वर्षांचा हिशेब सांगितला.
"हं," म्हणाला. "नाव नव्हतं तेव्हाही धरायचा."

"तो नांगर कुठाय?" पोरगा.
खाली आहे. रेडिओच्या दुसऱ्या दिवशी
बाबा होडी घेऊन एकटाच गेला
आणि नांगर टाकून दोर कापून आला.
दगडाला वर यायला एक अख्खा समुद्र मिटावा लागला होता,
परत जायला मासे कापायचा चाकू पुरला.

कुणी काही बोललं नाही. वाऱ्यानं टोपी उडवली,
पोरगा मागे धावला, बरं झालं.

चला, धुकं उतरतंय, बस थांबणार नाही.
आणि निळ्या जाकिटातले तुम्ही,
उजव्या खिशातला काढून जागेवर ठेवा.
खांदा झुकलाय तुमचा.